कार्डावरचे दोन रकाने

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईचे नाव नोंदवले की तिला माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. आपल्या वस्त्यांतील घरांतून हे कार्ड रेशनकार्डाच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलेले असते. जपतात सर्वच, वाचतात मात्र थोडे. आम्ही पडलो कारकुनी पेशातील. कागद हाती आला की रकाने पाहण्याची आम्हाला सवय. महिला मंडळाच्या कामात अशी कार्डे समोर येतात तेव्हा आम्ही दोन रकाने आधी पाहतो. एक हिमोग्लोबिनचा, म्हणजे रक्ताचा. दुसरा बीपीचा, म्हणजे रक्तदाबाचा. पुष्कळदा पहिल्या रकान्यातला आकडा कमी असतो, आणि दुसरा रकाना एखाद्या महिन्याला कोराच राहिलेला असतो.

कार्यालयात आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. ज्याची नोंद नाही ते काम झाले असे धरता येत नाही. हाच नियम या कार्डालाही लावा, एवढेच सांगण्यासाठी आजचा लेख आहे. हे दोन रकाने दर खेपेस भरले गेले आणि घरच्या माणसांना ते वाचता आले, तर गरोदर माऊलीवर येणारी दोन मोठी संकटे वेळेवर ओळखता येतात. एक संकट अपुऱ्या अन्नातून हळूहळू येते. दुसरे न दुखता येते, आणि एकदा आले की तासांचा हिशेब करावा लागतो.

पहिला रकाना : रक्त

गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. ७ ग्रॅमच्या खाली गेले की तो गंभीर समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या दोघींपैकी एक. अशा बाईला जिना चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरातील माणसे म्हणतात की दिवसांत असे व्हायचेच. पण बाळंतपणात थोडासा जास्त रक्तस्राव झाला तर जिच्याजवळ शिल्लकच नाही ती खर्च कुठून करणार? धडधाकट बाईला जो रक्तस्राव सोसतो तो तिला सोसत नाही.

रक्त तयार होण्यासाठी लोह लागते, फोलिक ॲसिड लागते, बी-१२ जीवनसत्त्व लागते. ही द्रव्ये शरीराला अगदी थोडी लागतात, म्हणून त्यांना सूक्ष्म पोषकद्रव्ये म्हणतात. भाकरी-भाताने पोट भरते, परंतु पोट भरले म्हणजे ही द्रव्ये मिळाली असे नाही. त्यात आपल्या घरांतली रीत अशी की आधी पुरुष जेवणार, मग मुले, आणि शेवटी उरलीसुरली भाकरी व कालवणाचा रस्सा सूनबाईच्या वाट्याला. फोडी तोपर्यंत संपलेल्या असतात. पोटात बाळ असले तरी ही रांग बदलत नाही. ती बदलायला डॉक्टर लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

गरिबाच्या ताटाचा आणि गरोदर बाईच्या रक्ताचा संबंध दाखवणारे एक मोठे संशोधन आपल्या मुंबईतच झाले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या रक्तक्षयाचा शोध घेणे हे त्यांचे काम. हा रोग जंतूंमुळे होत असावा काय, हेही त्यांनी तपासले. शेवटी उत्तर मिळाले ते ताटात. ईस्टचा अर्क, जो बाजारात मार्माइट या नावाने मिळत असे, तो दिल्यावर या स्त्रियांचे रक्त सुधारले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय होते ते पुढे कळले. १९४१ साली पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात म्हणून त्याला फोलिक ॲसिड हे नाव पडले. आज दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला हेच फोलिक ॲसिड असते. गिरणीत राबणाऱ्या बायांच्या रक्तातून जो धडा मिळाला तो आज जगभरातील गरोदर स्त्रियांच्या कामी येतो. मग त्याच कष्टकऱ्यांच्या लेकी-सुनांनी ती गोळी डब्यात पडू द्यावी काय?

पहिले तीन महिने नुसत्या फोलिक ॲसिडची गोळी असते. चौथ्या महिन्यापासून लाल गोळी रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टर रोज दोन घ्यायला सांगतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात जंताची एक गोळी देतात, कारण पोटातले जंतही रक्त खातात. गोळीने संडास काळी होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना घ्यावी. गोळीने बाळ काळे होते किंवा पोटात फार मोठे होऊन अडते, या दोन्ही समजुतींना काही आधार नाही. बाळाचा रंग आईबापांकडून येतो, गोळीच्या पाकिटातून नव्हे.

अशा वेळी घरातील वडीलधारी बाई हमखास म्हणते, "आमच्या वेळी कुठं होत्या गोळ्या? माझी सात बाळंतपणं घरातच झाली." आमच्या मंडळातील एक ताई त्यावर शांतपणे विचारतात, "मावशी, सात झाली खरी. त्यातली हाताशी किती राहिली?" मावशी बोटे मोजू लागतात आणि मध्येच थांबतात. त्या मावशींना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या वाट्याला गोळीही आली नाही आणि तपासणीही आली नाही. सुनेच्या वाट्याला दोन्ही आली आहेत, एवढाच फरक त्यांनी ध्यानात घ्यावा.

दुसरा रकाना : रक्तदाब

आता दुसऱ्या रकान्याकडे येऊ. रक्त कमी असले तर थकवा तरी जाणवतो. रक्तदाब वाढला तर पुष्कळदा काहीच जाणवत नाही. "मला काही होत नाही, मग हाताला पट्टा कशाला बांधायचा?" असे म्हणून बाई रांगेतून परत येते, आणि फसगत होते ती इथेच.

गरोदरपणी रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आला तर तो वाढलेला समजतात. वरचा आकडा १४० ला पोचला किंवा खालचा ९० ला पोचला, कोणताही एक पुरे. पाच महिन्यांनंतर असा दाब वाढला आणि लघवीत प्रथिने जाऊ लागली किंवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांवर परिणाम दिसू लागला, तर त्या आजाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. लघवीची तपासणी कार्डावर अल्ब्युमिन या नावाने लिहिलेली असते, तीही पाहावी. १६०/११० च्या पुढे दाब गेला तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठले पाहिजे. दुखणे वाढत गेले तर आकडी येते. तिला एक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि तिच्यात आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

या आजाराचे मूळ वारेत असते. बाळाला रक्त पुरवणारी वार गर्भाशयात नीट रुजली नाही की तिच्यातून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात आणि आईच्या रक्तवाहिन्या आखडतात. म्हणूनच बाळ आणि वार बाहेर येणे हाच यावर अखेरचा उपाय ठरतो, आणि म्हणूनच डॉक्टर कधी कधी दिवस भरण्याआधी बाळंतपण करतात. "डॉक्टरला घाई झाली" असे म्हणून भांडण्यापूर्वी दाबाचा आकडा विचारावा. बाळंतपण झाले म्हणजे धोका लगेच संपला असेही नाही. आकडी बाळंतपणानंतरही येऊ शकते, म्हणून बाळंतिणीचाही दाब पाहिला पाहिजे.

जगात गरोदरपण व बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे १६ टक्के मृत्यू रक्तदाबाच्या विकारांनी होतात, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आहे. रक्तस्रावाच्या खालोखाल थेट कारण हेच. आपल्या महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले. देशाचा आकडा ९७ होता. महाराष्ट्राची स्थिती बरी आहे, याचा अर्थच असा की हे मृत्यू टाळता येतात. मग जे राहिले ते का राहावेत?

धोका कोणाला जास्त? पहिलटकरणीला, जुळे असलेल्या बाईला, जिला मागच्या खेपेस हाच त्रास झाला तिला, जिच्या आईला वा बहिणीला झाला तिला, वय जास्त असलेल्या किंवा अति स्थूल बाईला, आणि मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा आधीपासून रक्तदाब असलेल्या बाईला. अशांना डॉक्टर तिसऱ्या महिन्यानंतर ॲस्पिरिनची कमी मात्रेची गोळी देतात. ती गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. पण यातले आपल्याला काही लागू असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

पुढील खुणा घरातल्या प्रत्येकाने पाठ कराव्यात. न थांबणारी डोकेदुखी. डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा धूसर दिसणे. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या बाजूस दुखणे. एकाएकी चेहरा सुजणे, हाताच्या बांगड्या रुतू लागणे. पायाची थोडी सूज पुष्कळ जणींना येते, चेहऱ्याची मात्र तशी समजू नये. लघवी कमी होणे, दम लागणे, बाळाची हालचाल मंदावणे. यातली एक जरी खूण दिसली तरी उद्याची वाट पाहू नये.

आणि आकडी आलीच तर? आजही काही ठिकाणी म्हणतात की बाईला बाहेरचे लागले. कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडतो, कोणी अंगारा आणायला धावतो. ज्या समाजाने भुताखेतांची भीती टाकून दिली, त्या समाजाच्या वस्तीत हे व्हावे यासारखी खेदाची गोष्ट नाही. आकडी ही बाधा नाही, ती वाढलेल्या रक्तदाबाची शेवटची पायरी आहे. बाईला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, पाणी पाजू नये, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि ताबडतोब १०८ ला फोन करावा. रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेट नावाचे इंजेक्शन असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात या इंजेक्शनाने आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे सिद्ध झाले. औषध जुने आहे, स्वस्त आहे. पण ते अंगाऱ्याच्या पुडीत मिळत नाही.

दोन रकान्यांना जोडणारी गोळी

लोह रक्तासाठी, पण दाबासाठी काही आहे काय? आहे, आणि ती गोष्टही ताटातूनच निघाली. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तिथल्या गरीब माया जमातीच्या स्त्रियांना गरोदरपणी आकडीचा आजार कमी होतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आले. गरिबी तर आपल्यासारखीच. मग असे का? या स्त्रिया मका शिजवण्यापूर्वी चुन्याच्या पाण्यात भिजवतात, त्यामुळे त्यांच्या पोटात रोज भरपूर कॅल्शियम जाते. १९८० साली यावरून असा तर्क मांडला गेला की कॅल्शियम कमी पडले की रक्तवाहिन्या आखडतात आणि दाब वाढतो. पुढे अनेक देशांत यावर अभ्यास झाले. ज्या समाजात आहारातून कॅल्शियम कमी मिळते तिथे गरोदर स्त्रियांना कॅल्शियमच्या गोळ्या द्याव्यात, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली. आपल्या केंद्र सरकारनेही २०१४ साली तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत, ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची ड जीवनसत्त्व असलेली गोळी दिवसातून दोनदा.

२०२४ साली बंगळुरू आणि टांझानियातील दार-ए-सलाम येथील अभ्यास प्रसिद्ध झाले. प्रत्येक ठिकाणी ११,००० पहिलटकरणी त्यात होत्या. रोज ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपेक्षा रोज १,५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना प्री-एक्लॅम्प्सियापासून अधिक संरक्षण मिळाले असे दिसले नाही. आपल्यापुरता अर्थ असा की गोळ्यांचा ढीग महत्त्वाचा नाही, रोजचा नेम महत्त्वाचा आहे. किती घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील तसे. मात्र एक ध्यानात असू द्यावे. कॅल्शियम ही ढाल आहे, हमी नव्हे. गोळी घेणाऱ्या बाईचाही दाब वाढू शकतो. म्हणून गोळी चालू आहे या भरवशावर दुसरा रकाना कोरा ठेवता येत नाही.

आता पुष्कळ घरांत होणारी गोष्ट सांगतो. दवाखान्यातून लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच पुडक्यात मिळतात आणि बाई त्या एकदमच गिळते. कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. दोन्ही गोळ्या घेतल्या, पण रक्त वाढले नाही! म्हणून दोघींत किमान दोन तासांचे अंतर हवे. कामावर जाणाऱ्या बाईने कॅल्शियमची एक गोळी सकाळी न्याहारीबरोबर आणि दुसरी दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावी. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहासुद्धा लोहाला आडवा येतो. जेवणानंतर तासभर आणि गोळीच्या वेळी तो टाळावा.

ताटात काय असावे

गरोदर बाईला रोज साधारण १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तीळ त्याहून कितीतरी समृद्ध. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, दूध-दही, आणि काट्यासकट खाल्लेली बारीक सुकी मासळी यांतून कॅल्शियम मिळते. सुकट-जवळा खारा असेल तर धुऊन घ्यावा. लोहासाठी मटण, मासळी, डाळी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या आणि अळीव. बरोबर लिंबू किंवा आवळा असला की लोह चांगले अंगी लागते. अंडी, मांस, मासळी आणि दुधातून बी-१२ मिळते, ते पालेभाजीत नसते. म्हणून घरात एकच अंडे असेल तर ते कोणाच्या ताटात जावे, हे आता सांगायला नको.

सूज दिसली की काही घरी बाईचे मीठ तोडतात आणि पाणीही कमी करतात. मीठ तोडल्याने हा आजार टळत नाही. मीठ बेताचे आणि आयोडीनयुक्त असावे, कारण बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागते.

ग्वाटेमालातल्या चुन्याची गोष्ट वाचून कोणी तंबाखू-चुन्याचे समर्थन करू नये. आपल्या अनेक भगिनी सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू तोंडात ठेवणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि त्या बहुतेक मिश्रीच लावणाऱ्या होत्या. दिवस गेल्याचे कळताच मिश्रीची डबी घराबाहेर गेली पाहिजे.

हक्क मागून घ्या

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांतून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि रक्त हे सर्व मोफत केले. हे उपकार नव्हेत. आपल्या घामाच्या करातून ते उभे राहिलेले आहे. तेव्हा दवाखान्यात नम्रपणे पण ठामपणे विचारावे, "बाई, बीपी किती आलं? कार्डावर लिहा ना." तपासणीपूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे, धावत-पळत येऊन लगेच पट्टा बांधला तर आकडा चुकीचा येतो.

अडचण आहे ती दिवसभराच्या मजुरीची. ९ तारखेला दवाखान्यात गेली की धुणीभांडी करणाऱ्या बाईचा खाडा पडतो. लुसी विल्स मुंबईत आल्या त्याच १९२८ साली, मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले होते. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. २०१७ च्या सुधारणेने पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. पण घरकाम करणाऱ्या बाईपर्यंत ती रजा पोचलेली नाही. तोवर निदान घरच्या पुरुषाने महिन्यातला एक दिवस तिच्याबरोबर दवाखान्यात जावे, आणि तिच्या बुडालेल्या मजुरीचा विषयही काढू नये.

जवळ येणाऱ्या ९ तारखेला वस्तीतल्या सर्व गरोदर भगिनींना महिला मंडळाने एकत्र घेऊन जावे. परत आल्यावर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराच्या किंवा पोरीच्या हाती कार्ड द्यावे आणि दोन्ही रकाने मोठ्याने वाचायला सांगावे. आकडा चुकीच्या बाजूला असेल तर दुसऱ्याच दिवशी आशाताईंना गाठावे. रकाना कोरा असेल तर त्याच पावली माघारी जाऊन तो भरून आणावा.